डायपरचा कचरा आणि गाडगेबाबांचे वऱ्हाड



हा विषय व्यासपीठावरून बोलण्याचा नव्हे, असे काहींना वाटेल. परंतु ज्या वऱ्हाडात संत गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला, तेथे घाणीविषयी बोलण्याचा संकोच कसला? १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे बाबांचा जन्म झाला. बालपण गेले ते अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या आजोळी. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची, हा त्यांचा क्रम. मात्र बाबांच्या खराट्याला ठाऊक नव्हता असा एक कचरा आज आपल्या घरांतून रोज बाहेर पडतो आहे. तो म्हणजे वापरलेले डायपर.

पूर्वी बाळोती असत. जुन्या धोतर-लुगड्यांचे मऊ तुकडे धुऊन पुन्हा वापरात येत आणि अगदीच विरले की मातीला मिळत. आता त्यांची जागा डायपरने घेतली, आणि तीही केवळ पाळण्यापुरती नाही. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत आणि घरात अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची शुश्रूषा करणाऱ्या सत्तरीच्या आजी, हे चित्र अमरावतीत वा अकोल्यात कोणालाही अपरिचित नाही. त्या आजींना ‘कापड वापरा, धुवा’ असा उपदेश करणे हा निर्दयपणा होईल. डायपरने आजींचे कष्ट वाचवले, आजोबांची लाज राखली. प्रश्न आहे तो वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते गाठोडे दाराबाहेर गेल्यानंतरचा.

आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून ते कोणाला तरी उघडावे लागते. कधी घंटागाडीवर, कधी अमरावतीच्या सुकळीसारख्या कचरा डेपोवर. हा ‘कोणीतरी’ कोणत्या वस्तीतून येतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. समरसतेच्या कार्यक्रमात त्याला शेजारी बसवून भोजन करायचे आणि दुसऱ्या दिवशी घरातील विष्ठा न सांगता त्याच्या उघड्या हातात द्यायची, ही विसंगती आपल्यालाच दूर करावी लागेल. २०१६ सालच्या केंद्रीय नियमांनी उत्पादकांना विल्हेवाटीची पिशवी देण्यास आणि नागरिकांना असा कचरा नीट गुंडाळून देण्यास सांगितले होते. पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडक्यावर लाल ठिपका काढण्याचा साधा उपाय लोकांपुढे ठेवला. लाल रंगाचा एक पेन स्वयंपाकघरात ठेवायला कितीसा खर्च येतो?

परंतु वेगळा ठेवलेला हा कचरा पुढे जाळायचा की पुरायचा, एवढेच दोन मार्ग आहेत असे नाही. डायपरमध्ये असते काय? बाहेरचे प्लॅस्टिक, आतला लाकडाचा लगदा आणि द्रव शोषून घेणारी रासायनिक भुकटी. इटलीत त्रेविझोजवळ २०१७ साली सुरू झालेल्या प्रकल्पात दाबाखालील वाफेने डायपर निर्जंतुक केले जात आणि मग हे घटक वेगळे होत. एक टन कचऱ्यातून सुमारे १५० किलो लगदा, ७५ किलो प्लॅस्टिक आणि ७५ किलो शोषक भुकटी. उरलेले बहुतेक पाणीच! जपानमध्ये ओझोन वायूने निर्जंतुक केलेला लगदा पुन्हा डायपरमध्येच वापरण्यापर्यंत मजल गेली आहे. आपल्याकडे पुण्यात अजिंक्य धारिया या तरुण अभियंत्याच्या ‘पॅडकेअर’ने सॅनिटरी पॅडमधून लगदा आणि प्लॅस्टिक वेगळे काढून दाखविले. पॅड आणि डायपर ही एकाच जातीची वस्तू.

त्या लगद्याचा मोठा भाग अमेरिकेच्या दक्षिण भागातील पाइन वृक्षांपासून येतो. पांढऱ्या सोन्याच्या प्रदेशाने हे ऐकून अस्वस्थ व्हावे. वऱ्हाडचा शेतकरी कपाशीतले काही वाया घालवत नाही. रुई गिरणीला, सरकी तेलघाण्याला, ढेप गुरांना, पऱ्हाटी चुलीला. सरकीला चिकटलेल्या आखूड तंतूंपासूनही उत्तम लगदा होतो. १९६९ पासून अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे. हा विषय त्याच्या अंगणातला आहे.

शोषक भुकटीबाबत मात्र घाई नको. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधनात तिचा उगम आहे, म्हणून ती शेतात ओलावा धरून ठेवील, असे चटकन सुचते. परंतु खारट पाण्यात तिची शोषणशक्ती फार घटते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात ती पसरून काय साधणार?

खरी अडचण यंत्राची नाही, पुरवठ्याची आहे. घराघरांतून वेगळा आलेला माल रोज मिळाला नाही, तर कोणताही कारखाना चालणार नाही, आणि एकट्या अकोल्याचा किंवा एकट्या अमरावतीचा कचरा त्याला पुरेल असे वाटत नाही. दोन्ही महापालिकांनी मिळून विचार करावा. २०२२ च्या जूनमध्ये याच दोन शहरांमधील महामार्गावर पाच दिवसांच्या आत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून विश्वविक्रम झाला. रस्ता तयार आहे आणि मूर्तिजापूर मध्यावर आहे. प्रारंभ रुग्णालयांपासून आणि वृद्धाश्रमांपासून करता येईल. तेथे डायपर एका जागी गोळा होतात, परिचारिका ते आधीच वेगळे ठेवतात. महिला मंडळांनी आपापल्या गल्लीतील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची घरे मोजावीत, प्रत्येक घरी एक झाकणाचा डबा द्यावा आणि तो कोणत्या वारी उचलला जाईल, हे घंटागाडीवरच्या माणसालाच विचारून ठरवावे.