मुलांचे शिक्षण : घर आणि समाज



मुलाच्या प्रगतिपुस्तकावर नाव एकट्या त्याचे असते; परंतु त्या गुणांत घराचा आणि समाजाचा वाटा मोठा असतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र समाजाला परिचित आहे. 1887 साली कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. परीक्षांत ते फारसे चमकले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. 1919 साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या. तरी त्यांनी ती मुले आपली मानली, आणि वसतिगृहाच्या अडचणीच्या काळात अंगावरचे दागिने मोडले. साताऱ्यात शाळा आधीही होत्या. खेड्यातून आलेल्या गरीब मुलाला नव्हते ते दोन वेळचे ताट आणि विचारपूस करणारे माणूस.

परभणी जिल्ह्यात हाच प्रश्न दरवर्षी दिवाळीच्या सुमारास उभा राहतो. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. पती-पत्नी मिळून एक कोयता. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी बरोबर जाते. ती परतते तेव्हा वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे. गावात आजी असेल तर मूल मागे राहतेही. आजी नसेल, तर आई-वडील त्याला, विशेषतः मुलीला, कोणाच्या भरवशावर ठेवणार?

व्यापारी घरांचे दुखणे निराळे. तेथे फी भरली जाते, शिकवणी लावली जाते. पण वडील रात्रीपर्यंत दुकानात, आणि आज काय वाचले हे विचारणारे कोणी नसते. लग्नसराईत आठवडा-आठवडा शाळा बुडते, त्याचे कोणाला काही वाटत नाही. वास्तविक ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन होते, त्या घरांत संध्याकाळचे दोन-तीन तास मोकळे मिळतात. इतरांना दुर्लभ असलेला हा वेळ बहुधा मोबाईलपुढे जातो.

समाजाच्या धर्मशाळा चातुर्मासात गजबजलेल्या असतात. चातुर्मास संपला की त्यांतील बऱ्याच खोल्या रिकाम्या होतात. ऊसतोडीचा हंगाम त्याच सुमारास सुरू होतो. मागे कोणी नसलेल्या दहा-वीस मुलींची निवास-भोजनाची सोय तेथे होऊ शकते. विश्वस्त मंडळाने येत्या दिवाळीपूर्वीच हा विषय बैठकीत घ्यावा.