समुद्राची कमान आणि माणसाची लेणी

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात, लासूर स्टेशन येथे केलेल्या भाषणाचा सारांश)



आपण लासूरकर. आपल्याला पाणी माहीत आहे ते शिवना नदीचे आणि विहिरीचे, तेही पाऊस बरा झाला तर. समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला धडा. 'सागरी गुहा, सागरी कमान, सागरी स्तंभ' हे शब्द आपली मुले पाठ करतात, परीक्षेत गुण मिळवतात आणि विसरून जातात. म्हणून आम्ही बँकेतले चार सहकारी आणि आमची मुले मिळून रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरला गेलो. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, पुढे म्हसळ्याकडून श्रीवर्धन तालुक्यात असा आमचा एस.टी.चा मार्ग होता. तेथे जे पाहिले, ते आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट, तो खडक आपलाच आहे. शिवनेच्या पात्रात जो काळा दगड दिसतो, वेरूळची लेणी ज्यात कोरली, तोच बेसाल्ट समुद्रापर्यंत गेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा दुसरा थर आला. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभागावर हा खडक पसरलेला आहे. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, काही सच्छिद्र, तर काहींच्या मध्ये लाल मातीचा पट्टा. पुढची सारी कथा या फरकावर उभी आहे.

हरिहरेश्वरच्या टेकडीवरून पायऱ्या उतरून खाली गेले की एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. पायाखाली लाटांनी तासलेला सपाट खडक. कड्याच्या पायथ्याशी आत गेलेली खाच. आणि खडकाच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी! मुलांना वाटले कोणी छिन्नीने कोरली असावी. पण ते काम मिठाचे. लाटांचे तुषार खडकाच्या छिद्रांत शिरतात, पाणी सुकते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सैल करतात.

आता कमान कशी होते ते पाहा. जमिनीचे टोक समुद्रात पुढे आलेले असले की लाटा वळून त्या टोकावर दोन्ही बाजूंनी मारा करतात. खडकातील फटीत पाणी वेगाने घुसते, आतली हवा दाबली जाते आणि लाट मागे फिरताच ती हवा झटक्याने मोकळी होते. लाटेबरोबर आलेले गोटे हातोड्याचे काम करतात. फटीची कपार होते, कपारीची गुहा होते. दोन बाजूंच्या गुहा एकमेकींना मिळाल्या की वर छत उरते, तीच कमान. आइसलँडमधील दिर्होलाए येथे अशी ज्वालामुखीच्या खडकातली भव्य कमान आहे. आपल्याला आकार डोळ्यांसमोर आणायचा तर रतनगडचे नेढे आठवावे. मात्र ते ऊन, वारा, पावसाने झाले आहे, लाटांनी नव्हे.

कमान कायम राहत नाही. गालापागोस बेटांजवळची 'डार्विनची कमान' १७ मे २०२१ रोजी कोसळली आणि दोन खांब उरले. माल्टातील चुनखडकाची प्रसिद्ध कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात पडली. सर्व संस्कार अनित्य आहेत हे आपण वंदनेत म्हणतो. येथे ते दगडावर दिसते.

परतताना आम्ही तळा तालुक्यातील कुडा लेणी पाहिली. खाडीजवळच्या डोंगरात याच काळ्या दगडात खोदलेली ही सुमारे २६ बौद्ध लेणी. तेथे एक विचार मनात आला. समुद्र पायथ्यापासून कोरत वर जातो, म्हणून छताला आधार उरत नाही. आपले कारागीर छतापासून सुरुवात करून खाली उतरत. पायाखाली दगडच असल्याने परांची लागत नसे आणि जेथे आधार हवा तेथे खांब राखून ठेवता येई. लाटेला पुढचे दिसत नाही. माणसाने आधी विचार केला, मग घाव घातला. म्हणून दोन हजार वर्षे होत आली तरी ती छते उभी आहेत.

आणि ती कोरवली कोणी? तेथील शिलालेखांत कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान आहे, माळ्याचे दान आहे. शिवभूती आणि त्याचा भाऊ शिवम या दोन 'लेखकां'ची नावे आहेत. लेखक म्हणजे त्या काळचा कारकून! शिवमच्या लेखात पत्नीचे नाव आहे, मुलामुलींचीही आहेत. आम्ही कारकून मंडळी त्या अक्षरांपुढे बराच वेळ उभे होतो. नाव कोरायचे तर आधी काही द्यावे लागते. आज लेण्यांच्या भिंतींवर खिळ्याने नाव ओरखडणारा काय देतो? विद्यार्थी मित्रहो, हे पाप आपल्या हातून होऊ नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. भरतीची वेळ न विचारता अशा खडकांवर उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. कोकणातला हिशेब व्याजाच्या हिशेबापेक्षा सोपा आहे: तिथीला तीनने गुणावे, चारने भागावे, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. आम्ही पंचमीला सकाळी उतरलो आणि पाणी चढू लागण्याआधी वर आलो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा अधिक सावध राहावे. हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून स्थानिक कोळी बांधवांना विचारावेच, आणि पावसाळ्यात तेथे उतरूच नये.

पालकांना विनंती एवढीच, की लग्नकार्यातला एक खर्च कमी करा आणि मुलांना एकदा समुद्र दाखवा. जमत नसेल तर वेरूळ जवळ आहे. लेण्याच्या छताखाली उभे करून विचारा, 'पहिला घाव कोठे घातला असेल?' मूल विचार करू लागले की शिक्षण सुरू झाले.