डोळ्याजवळचं भिंग

व्ह्यूमास्टरचा खटका दाबला की चकती फिरायची आणि ताजमहाल थेट डोळ्यांपुढे उभा राहायचा, ही आठवण या सभागृहात पुष्कळांची असेल. 1939 सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांपुढे आलेल्या त्या चकतीवर चित्रांच्या सात जोड्या असत. पण ती चित्रं विकतची. आपल्याच घरची माणसं, आपलंच अंगण असं खोलीसकट पाहायचं तर कॅमेराही दोन डोळ्यांचा हवा.

अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीनं 1947 मध्ये तसा कॅमेरा बाजारात आणला. सीटन रॉचवाइट यांनी घडवलेला हा ‘स्टिरिओ रिअलिस्ट’. त्याची दोन भिंगं एकमेकांपासून 70 मिलिमीटरवर. साध्या 35 मिलिमीटरच्या फिल्मवर तो एकाच क्षणी दोन चित्रं टिपायचा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर तो वापरत. घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा मूकपटांचा नट हॅरॉल्ड लॉइड तर त्याच्या नादीच लागला होता.

कॅमेऱ्याच्या प्रत्येक भिंगात तीन काचा होत्या. पण त्या चित्रांच्या स्लाइडा पाहायच्या कशातून? त्या काळच्या अनेक स्वस्त व्ह्यूअरमध्ये डोळ्यापुढे एकेरी भिंग असे. त्यातून मधलं चित्र ठीक दिसतं, पण कडेला निळी-तांबडी किनार उमटते आणि खिडकीच्या सरळ चौकटी बाक घेतात. फिल्मवर जे नीट उतरलं आहे, ते डोळ्यापर्यंत पोचण्याआधीच बिघडतं. हे नुकसान टाळता येतं, म्हणूनच हौशी मंडळी व्ह्यूअर उघडून त्यात दुसरी भिंगं बसवतात.

बसवायचं ते जोडभिंग, म्हणजे अ‍ॅक्रोमॅट. जॉन डॉलंड यांनी 1758 मध्ये लंडनला त्याचं पेटंट घेतलं. क्राउन काचेचं फुगीर भिंग किरण एकत्र आणतं, पण रंग थोडे फाकवतं. त्याला चिकटवलेलं फ्लिंट काचेचं खोलगट भिंग ते फाकलेले रंग पुन्हा जवळ घेतं. हे भिंग उलटं बसवलं तर कडा पुन्हा बिघडतात.

नाभीय अंतराचा, म्हणजे फोकल लेंथचा, हिशेब मात्र शांतपणे करावा लागतो. रिअलिस्टच्या कॅमेऱ्याचं हे अंतर 35 मिलिमीटर. व्ह्यूअरलाही तेवढंच असेल, तर दृश्य जसं होतं त्याच कोनात दिसतं. 44 मिलिमीटरच्या भिंगातून 23 मिलिमीटर रुंदीचं चित्र सुमारे 29 अंशांत मावतं. 35च्या भिंगातून तेच 36 अंशांपर्यंत पसरतं. फरक मोठा आहे, बघणारा चित्राच्या आत शिरल्यासारखा होतो. पण मग भिंग स्लाइडच्या आणखी 9 मिलिमीटर जवळ आणावं लागतं, फिल्मचे कण ठळक होतात आणि चष्मेवाल्यांची पंचाईत होते. चष्मा न काढणाऱ्यानं मोठ्या व्यासाचं, जरा लांब अंतराचं भिंग घ्यावं, हेच बरं.

अंतर घरीच मोजता येतं. खिडकीतून दिसणाऱ्या लांबच्या झाडाचं चित्र कागदावर पाडायचं. ते स्पष्ट झालं की भिंग ते कागद पट्टीनं मोजायचं. सूर्यावर हा प्रयोग मुळीच करू नये. दोन्ही भिंगं एकाच अंतराची हवीत, नाहीतर एका डोळ्याला चित्र मोठं आणि दुसऱ्याला लहान दिसतं. दोन्हींची उंचीही तंतोतंत जुळावी. आडव्या दिशेचा फरक डोळे बऱ्यापैकी सांभाळून घेतात. उभ्या दिशेचा फरक त्यांना जमत नाही आणि कपाळ ठणकू लागतं.

व्ह्यूअरच्या जुन्या बेकेलाइटला कानस लावू नये. ते ठिसूळ असतं, आणि मूळ भिंग उद्या कुणाला परत बसवावंसं वाटेल. नवं भिंग बसेल अशी कडी करून घ्यावी. झटपट चिकटणारा गोंद तर दूरच ठेवावा, त्याच्या वाफेनं काचेवर पांढरी साय धरते. कोकणातल्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते, तेव्हा डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच.

व्ह्यूअरमधला दिवा बदलायचा तो सगळ्यात शेवटी. एलईडीपुढे दुधी प्लास्टिक लावलं की उजेड सारखा पसरतो, पण स्वस्त एलईडीत तांबडा रंग कमी असतो आणि कोडॅक्रोम फिल्मचे लाल रंग मरगळतात. विकत घेण्याआधी त्या दिव्याखाली एक पिकलेला टोमॅटो धरावा. तो तपकिरी दिसला तर दुसरा दिवा मागावा.