स्थलांतरितांची नोंद आणि आपले हक्क



ज्या महापुरुषाने आपणांस धम्माचा मार्ग दाखविला, त्यांचे घराणेही स्थलांतरितांचेच होते. मूळ गाव कोकणातील आंबडवे, जन्म १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत, बालपण साताऱ्यास आणि पुढील वास्तव्य मुंबईत परळच्या चाळीत. पोटासाठी व मानासाठी गाव सोडणे आपल्या समाजास नवे नाही. परंतु गाव सोडताना आपण भांडीकुंडी बरोबर नेतो आणि कागद मात्र मागे ठेवतो. आज मला बोलावयाचे आहे ते या कागदांविषयी.

संविधानाच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकास देशभर संचार करण्याचा व कोठेही वस्ती करण्याचा हक्क दिला आहे. तथापि अनुच्छेद ३४१ प्रमाणे अनुसूचित जातींची यादी प्रत्येक राज्यापुरती वेगळी असते. याचा परिणाम काय होतो तो पहा. खानदेशातील एक गृहस्थ सुरतेस गिरणीत कामाला गेले. मुलगा तेथेच जन्मला, तेथेच शिकला. राज्याच्या राखीव जागेसाठी त्याने अर्ज केला, तो नामंजूर झाला. "आमची जात तर तिकडच्याही यादीत आहे, मग हा अन्याय का?" असे वडील मला विचारीत होते. मला त्यांस सांगावे लागले की, सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात हाच प्रश्न निकालात काढला आहे. दोन्ही राज्यांच्या याद्यांत जातीचे नाव एकच असले, तरी स्थलांतरितास नव्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत. २०१८ साली बीरसिंग खटल्यात घटनापीठाने राज्याच्या नोकऱ्यांबाबत हेच तत्त्व कायम केले.

मग त्या मुलाचे सर्वस्व गेले काय? मुळीच नाही. मूळ राज्यातील आणि केंद्र सरकारच्या सवलतींवरील त्याचा हक्क शाबूत आहे. आपण बौद्ध झालो म्हणूनही तो जात नाही; १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झालेला आहे. मात्र त्यासाठी वडिलांचा मूळ राज्यातील दाखला दाखवावा लागतो. महाराष्ट्रात तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा एक जीर्ण कागद नातवाचे भवितव्य ठरवितो, हे ध्यानात ठेवा.

आता गणनेविषयी. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित आढळले. त्यांत विवाहामुळे गाव सोडणाऱ्या स्त्रियांचा भरणा मोठा आहे. जनगणनेच्या 'डी' मालिकेतील तक्त्यांत कोण कोठून आला, केव्हा व कशासाठी आला, हे सारे दिलेले असते. राष्ट्रीय नमुना पाहणीनेही २००७-०८ साली स्थलांतराची स्वतंत्र पाहणी केली. मुंबईत देवनार येथे १९५६ साली स्थापन झालेली लोकसंख्या विज्ञान संस्था आणि तिच्या शेजारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था या विषयाचा अभ्यास करतात. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी या संस्थांचे अहवाल वाचावेत व वस्तीत वाचून दाखवावेत. आपल्याविषयी दुसऱ्यांनी काय लिहिले, हे आपणांस ठाऊक नसावे, ही लाजिरवाणी गोष्ट होय.

नोंद नसली म्हणजे काय होते, हे २०२० साली दिसले. टाळेबंदीत एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले. वाटेत किती मरण पावले, असे संसदेत विचारले गेले, तेव्हा त्याची आकडेवारी नाही, असे उत्तर सरकारने दिले. ज्याची जिवंतपणी नोंद नाही, त्याच्या मरणाचीही नोंद होत नाही. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली.

कायद्यातही फटी आहेत. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा ठेकेदाराने मजुरास छायाचित्रासह पासबुक द्यावे, प्रवासभत्ता द्यावा, असे सांगत होता. पण बीडचा ऊसतोड कामगार कर्नाटकात गेला, तरच तो कायदा त्यास लागू; कोल्हापुरास गेला तर नाही, कारण राज्याची सीमा ओलांडली नाही! २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला, पण ती तरतूदही आंतरराज्य मजुरांसाठीच आहे.

यास्तव माझे सांगणे थोडक्यात असे. गाव सोडण्यापूर्वी वडिलांचा जातीचा दाखला, शाळेचे दाखले व शिधापत्रिका यांच्या प्रती करून घ्या. ठेकेदाराकडून घेतलेली उचल लिहून ठेवा. प्रगणक दारी आला म्हणजे धर्म 'बौद्ध' असे स्पष्ट सांगा, आणि जातीचा प्रश्न वेगळा असतो हे विसरू नका. दोन्ही उत्तरे नीट लिहिली की नाही ते पाहा. अडचण आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, तसेच कोणत्याही स्त्रीस तेथे विनामूल्य वकील मिळतो. ही भीक नव्हे, तो हक्क आहे.

दीक्षा घेऊन आपण मनाने स्वतंत्र झालो. आता आपले कागदही आपल्या हाती असू द्या.

जयभीम.