टायरवरचे आकडे वाचूया



बैठकीत आपण पासबुकातले आकडे वाचतो, कर्जाच्या हप्त्याचे वाचतो. आज सायकलच्या टायरवरचे वाचूया.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीचा टायर फाटला. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली सायकल, दहावीचं वर्ष आणि शाळा चार किलोमीटरवर. ताईंनी बाजारातून ‘सव्वीसचा टायर’ आणला. कितीही ओढला तरी तो रिमवर चढेना. दुकानदार परत घेईना. पैसे गेले, पोरीची तीन दिवस शाळा बुडाली.

मग आम्ही दोन्ही टायर सतरंजीवर शेजारी ठेवले. दोन्हींवर २६ होतं. पण जुन्यावर पुढे १ ३/८ आणि बारीक अक्षरांत ३७-५९० होतं. नव्यावर १.९५ आणि ५०-५५९. यातला पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ५५९ चा टायर ५९० च्या रिमवर चढणार कसा? ३१ मिलिमीटरचा फरक आहे. म्हणून दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. पुरुषांच्या मोठ्या २८ च्या सायकलीवर बहुधा ४०-६३५ असतं.

रुंदीत थोडं कमी-जास्त चालतं. छापलेली रुंदीही दर वेळी तेवढीच भरत नाही. कंपनी बदलली की एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. रिम रुंद असेल तर तोच टायर पसरतो, अरुंद असेल तर उभट, फुग्यासारखा दिसतो. रुंद टायर खडी-खड्ड्यांचे धक्के झेलतो, त्याला हवाही कमी लागते. पण आपली काळी माती विसरू नका. पांदण रस्त्यावर ती टायरला चिकटते आणि मडगार्डमध्ये जागा नसेल तर चाकच अडतं. हवा भरल्यावर टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा राहते का, ते पाहा. चिमट्यातही पाहा.

आकारही बघा. नवा टायर वरून गोल असतो. झिजला की मधे सपाट होतो. मागचा लवकर झिजतो, कारण ओझं आणि पायडलचा जोर त्याच्यावरच. आतला धागा दिसला की बदलायचा. तोवर थांबलो तर बाभळीचा काटा थेट ट्यूबमध्ये.

आता आमच्या गटाच्या वहीत शेवटच्या पानावर प्रत्येक मुलीच्या सायकलचा आकडा लिहिलेला आहे. टायर आणायला कोणीही जावो, चिठ्ठी घेऊनच जातं.

तायांनो, आज संध्याकाळी अंगणातल्या सायकलजवळ बसा. ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसा आणि लेकीला आकडा मोठ्याने वाचायला सांगा.