आपलं घर, आपला हिशेब

(मराठवाड्यातल्या एकल महिलांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



सकाळच्या सत्रात आपण सातबारा पाहिला, नमुना आठ पाहिला. आता पैशांबद्दल बोलू. चहाच्या सुट्टीत चार-पाच जणींनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, दोन खोल्या, वर पत्रा, आणि त्याच छपराखाली शेळ्यांना आडोसा. किती खर्च येईल?" हाच प्रश्न गावातल्या मिस्त्रीला विचारला तर तो सांगतो, "स्क्वेअर फुटाला अमुक." आपण तो आकडा घरी आणतो आणि त्यावर कर्ज काढतो. त्या आकड्यात पाया किती खोल, दारं-खिडक्या धरल्या की नाही, गाडीभाडं कोणाचं, पाणी कोणी आणायचं, हे काहीच कळत नाही. असा दर सांगणाऱ्याच्या सोयीचा असतो. बांधणाऱ्या बाईला सामानाची यादी लागते.

आपण बाया हिशेबात कच्च्या आहोत असं मला कधीच वाटलेलं नाही. बचत गटाची वही आपणच लिहितो. पाच माणसांचं घर महिन्याच्या कोणत्या तारखेला किती पिठावर येतं हे आपल्याला पाठ असतं. पण घर बांधायचं ठरलं की तो "व्यवहार" होतो, आणि व्यवहार म्हटला की दीर, भाऊ, भाचा पुढे होतो. घरकुलाचा हप्ता बाईच्या खात्यात येतो, स्लिपवर सही किंवा अंगठा तिचा असतो आणि पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात. मग घर लिंटेलपर्यंत येऊन थांबतं. अशी बिनछपराची घरं तुमच्या प्रत्येकीच्या गावात आहेत. त्यातली किती बायांची आहेत ते गावी गेल्यावर मोजा. म्हणून अंदाजपत्रक हा विषय इंजिनिअरचा जितका आहे, तितकाच स्त्रीमुक्तीच्या चळवळीचाही आहे.

पहिलं पान: जागा कोणाची, नाव कोणाचं

वहीच्या पहिल्या पानावर रुपये लिहायचे नाहीत. जागा कोणाच्या नावावर आहे ते लिहायचं. सासऱ्याच्या नावावरच्या जागेत तुम्ही दागिने मोडून भिंती उभ्या केल्या, तर उद्या वाटणी झाल्यावर तुमच्या हातात काय राहतं? कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, आणि तो मोठाच आधार आहे. पण राहण्याचा हक्क आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावातलं घर पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावं असं शासनाने २००३ सालीच सांगितलेलं आहे. तरीही नमुना आठवर आपलं नाव आहे का, हे किती जणींनी जाऊन पाहिलं? विधवा आणि परित्यक्ता बहिणींनी तर हे आधी पाहावं. नाव लागल्याशिवाय पहिली वीट आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं पान: पैसे कुठून येणार

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली. तेव्हा केंद्राने सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगरी-दुर्गम भागात १,३०,००० रुपये धरले. शौचालयाचे १२,००० वेगळे आणि रोजगार हमीतून सपाट भागात ९० दिवसांची मजुरी वेगळी. राज्याने २०२५ साली यात भर घालायचं ठरवलं. आज तुम्हाला नेमके किती मिळतील ते ग्रामपंचायतीत विचारा आणि तारखेसह लिहून घ्या. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं हवं. पैसे हप्त्यांनी येतात, प्रत्येक टप्प्याचा फोटो चढवल्यावर. म्हणजे काम आधी आणि पैसा मागून. मधले दिवस कशावर काढायचे, याचं उत्तर वहीत असलं पाहिजे.

त्यासाठी बहुतेकजणी कर्ज काढतात. कर्जाचं व्याज हा घराचाच खर्च आहे, तो वेगळ्या वहीत टाकू नका. महिना दोन टक्क्यांनी ५०,००० घेतले तर महिन्याला १,००० रुपये नुसतं व्याज. काम वर्षभर रखडलं तर १२,००० गेले, आणि मुद्दल तिथेच. तेवढ्यात दारं-खिडक्यांचा बराचसा खर्च निघाला असता.

तिसरं पान: माप

आता दोरी घ्या. समजा घर बाहेरून बाहेर २२ फूट लांब आणि १३ फूट रुंद आहे, मध्ये एक आडवी भिंत म्हणजे दोन खोल्या, आणि मागच्या अंगाला ८ फुटांचा उघडा पडवीसारखा गोठा. सगळ्या भिंतींची मिळून लांबी सुमारे ७९ फूट होते. उंची सरासरी ९ फूट, जाडी ९ इंच म्हणजे पाऊण फूट. ७९ गुणिले ९ गुणिले पाऊण, म्हणजे ५३३ घनफूट. त्यातून दोन दारं, तीन खिडक्या आणि दारांवरचा काँक्रीटचा पट्टा वजा केला की उरतात सुमारे ४४५ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे साडेचार ब्रासला थोडं कमी. एका ब्रास बांधकामाला साधारण १,३०० ते १,४०० विटा लागतात. गावच्या विटेच्या मापाप्रमाणे हा आकडा बदलतो, तो गवंड्याला विचारा. आपल्या घराला सहा हजार, फुटतूट धरून ६,३०० विटा.

हे गणित कशाला? तर विटेचा दर गाडीभाड्यासह ९ रुपये असला तर ५६,७०० रुपये होतात, आणि दर एका रुपयाने चढला की ६,३०० रुपये वाढतात. हे माहीत असलेली बाई भट्टीवर घासाघीस करायला जाते. माहीत नसलेली म्हणते, "एका रुपयाचं काय एवढं."

पट्ट्याला चार सळया, दहा एमएमच्या. जोड धरून चाळीस फुटी ९ सळया होतात. एक सळई साधारण ७.४ किलोची, म्हणजे एकूण ६७ किलो. रिंगा वेगळ्या. पट्ट्याच्या काँक्रीटला सहा पोती सिमेंट. साडेतीन फुटी पत्रा चढ धरून सव्वातीन फूटच झाकतो, म्हणून २४ फूट लांबीला आठ ओळी. घर आणि गोठा मिळून एका ओळीत बारा फुटी दोन पत्रे. एकूण १६. दुकानदाराने २० सांगितले तर कोणत्या ओळीला जास्त लागतात ते विचारा. पाया, जोतं, गिलावा यांचीही अशीच पानं करा. गवंडी बाया आता अनेक गावांत आहेत, त्यांना सोबत घ्या.

यादीतून सुटणाऱ्या गोष्टी

अंदाज चुकतो तो विटा-सिमेंटमध्ये कमी आणि लहान गोष्टींमध्ये जास्त. जोत्यात भरायचा मुरूम, सेंट्रिंगच्या फळ्यांचं भाडं, पत्र्याचे हूक आणि वायसर, चाळणीत उरणारी वाळू, विजेचं मीटर, मिस्त्रीची उचल. आणि पाणी. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. टँकर नसला तर ते पाणी कोण वाहतं? तुम्ही आणि तुमच्या मुली. अंदाजपत्रकात त्याची किंमत शून्य असते.

माझा आग्रह आहे की ती लिहायची. मुरूम भरला, विटा वाहिल्या, पाणी मारलं, तेवढे दिवस मोजून मजुरीच्या दराने वहीत टाका. ते पैसे तुम्हाला कोणी देणार नाही हे मलाही कळतं. पण घर किती रुपयांचं झालं आणि त्यात बाईचे किती, हे कागदावर आलं पाहिजे. नाहीतर "पैसे भावाने दिले, हिने काय केलं" हे ऐकायची वेळ येते.

कुठे हात आखडायचा

या भागाला मी वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदांखाली दबून. नंतरच्या पुनर्वसनात गावोगावच्या महिला मंडळांच्या बाया संवाद सहायक झाल्या, घरं मजबूत कशी करायची ते शिकल्या आणि इतरांना शिकवलं. त्यांचं शहाणपण आपण विसरता कामा नये. पाया, भिंतींना सगळीकडून बांधणारा पट्टा आणि पत्र्याची पक्की पकड, या तिन्हींत एक रुपयाही वाचवायचा नाही. पत्र्यावर दगड ठेवून भागवायचं नाही, वादळात तोच दगड माणसाच्या डोक्यात बसतो.

वाचवायचं तर दुसरीकडे. आतला गिलावा पुढच्या वर्षी करा. टाइल्सऐवजी शहाबादी फरशी घाला. जुन्या चौकटी चांगल्या असतील तर वापरा. केरळात लॉरी बेकर यांनी विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची पद्धत रूढ केली, तिने सुमारे चौथाई विटा वाचतात आणि खोली कमी तापते. पण ती येणारा गवंडी हवा, आणि कोपऱ्यांची मजबुती कशी करायची ते जाणकाराला विचारूनच. गोठ्याला भिंती नकोच, खांब आणि जाळी पुरे. मात्र गोठा आणि घर यांच्यामधली भिंत पत्र्यापर्यंत न्या, आणि मूत वाहून जायला उताराची नाली आधीच धरा. नंतर जोतं फोडणं महाग पडतं.

पैसे देण्याची रीत

चार टप्पे करा: जोतं, लिंटेल, छप्पर, बाकीचं. प्रत्येक टप्प्याची रक्कम वेगळी लिहा. छपराचे पैसे पहिल्या दिवशी बाजूला काढा आणि लग्न-दवाखाना काहीही आलं तरी गटाला विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नका. एकूण खर्चावर दहा टक्के अडीअडचणीचे धरा. काम दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे मृगाच्या आत पत्रा चढेल. मिस्त्रीशी ठरलेलं कागदावर लिहा: नुसती मजुरी की मालासह, माप कसं धरायचं, कोणत्या कामानंतर किती पैसे. पुढच्या टप्प्याचे पैसे मागचा टप्पा मोजून झाल्यावरच द्यायचे.

आणि पावती. प्रत्येक पावती तुमच्या नावाची घ्या. दुकानदार म्हणेल, "वहिनी, दादांच्या नावाने करतो, नेहमीचंच आहे." नाही म्हणा. उद्या घरावर वाद आला तर या पावत्या आणि पासबुक हा तुमच्या बाजूचा पुरावा असेल. ते सगळं एका पिशवीत घालून पेटीत ठेवा, आणि कुठे ठेवलंय ते मुलीला सांगून ठेवा.

एकट्या बाईला दुकानात कोणी नीट उत्तर देत नाही, हे तुमच्यातल्या कित्येकींनी सकाळी सांगितलं. म्हणून एकटीने जायचं नाही. पाच जणींनी मिळून तीन दुकानांत जा, दर लिहून आणा आणि गटाच्या बैठकीत फळ्यावर मांडा. दोघी-तिघींची घरं एकाच हंगामात असतील तर सिमेंट आणि पत्रा एकत्र घ्या, गाडीभाडं वाटून जाईल. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने शंभर पानी वही आणायची आहे. पहिल्या पानावर नमुना आठची नक्कल चिकटवलेली असली पाहिजे. ती मिळायला कोणाला अडवलं, तर आपण सगळ्या मिळून ग्रामपंचायतीत जाऊ.