थंडाव्याची सोय तोकडी असताना हार्ड डिस्कची निवड

वर्कस्टेशनची हार्ड डिस्क बदलताना क्षमता आणि किंमत आधी पाहिली जाते. पेटी अरुंद आणि पंखा एकच असेल, तर पहिला निकष उष्णतेचा हवा. डिस्कला लागणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. मिनिटाला 7200 फेरे घेणारी साडेतीन इंची डिस्क काम करताना साधारण 6 ते 9 वॅट घेते. 5400 फेऱ्यांची त्याहून बरीच कमी. हेलियम भरलेल्या डिस्कमध्ये तबकड्यांना होणारा विरोध घटतो, म्हणून मोठ्या क्षमतेतही वीज आटोक्यात राहते.

बहुतेक उत्पादक कमाल मर्यादा 60 अंश सेल्सियस देतात, पण उन्हाळ्यात खोलीच चाळिशीला टेकते, हे विसरून चालत नाही. डिस्कचे तापमान चाळीसच्या आसपास असणे उत्तम. डिस्क स्वतः ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींत ते दिसते; जुन्या डिस्कच्या नोंदी आधी पाहाव्यात.

कामाच्या फायलींसाठी साटा जोडणीची एसएसडी सर्वांत थंड पर्याय. एनव्हीएमई मात्र वेगवान असली, तरी तापली की स्वतःच मंदावते. डिस्क धातूच्या चौकटीला स्क्रूने घट्ट बसवावी, शेजारचा कप्पा रिकामा ठेवावा.